इंटरनेटचें मूळ कोणाच्या हातीं?

आगगाडी कोणाची, टपाल कोणाचें, बंदर कोणाचें, या प्रश्नांचीं उत्तरें शाळेंत जाणारा मुलगाहि देऊं शकेल. परंतु ज्या इंटरनेटवांचून शहरांतील घराचा आज एक दिवसहि जात नाहीं, तें कोणाचें, असें विचारलें तर भलेभले विचारांत पडतात. समुद्राच्या तळाशीं पसरलेल्या तारा बहुतेक खासगी कंपन्यांच्या आहेत. गांवोगांवचे मनोरे दूरसंचार कंपन्यांचे आहेत. संगणक ज्याचे त्याचे आहेत. मग राष्ट्राराष्ट्रांत वीस वर्षें जो वाद चालला तो कशाबद्दल? आश्चर्याची गोष्ट अशी कीं, तो मुख्यतः एका यादीबद्दल होता. ही यादी कांहीं फार मोठी नाहीं. तींत दीड हजाराच्या आंतच नांवें आहेत, आणि साध्या छायाचित्राला जेवढी जागा लागते तेवढ्या जागेंत ती मावते. पण या यादींत फेरफार करण्याची अखेरची परवानगी २०१६ सालापर्यंत एकाच राष्ट्राच्या सरकारकडे होती, आणि इतर राष्ट्रांच्या मनांत सलत होतें तें हेंच.

या वादाचा उगम शोधावयाचा तर संगणकाच्याहि मागें, तारायंत्राच्या काळांत जावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांत तारायंत्र पसरलें, पण एका राज्याची तार सरहद्दीशीं येऊन थांबे. तेथील कारकून आलेला मजकूर कागदावर उतरून घेई, तो कागद पलीकडच्या राज्याच्या कारकुनाच्या हातीं देई, आणि तेथून तो मजकूर पुन्हां नव्यानें धाडला जाई. दर वेगळे, यंत्रें वेगळीं, भाषा वेगळ्या. शेजारच्या राज्यांनीं आपसांत करार केले, पण करार वाढले तसा गोंधळहि वाढला. शेवटीं फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याच्या निमंत्रणावरून पॅरिस येथें परिषद भरली, आणि १७ मे १८६५ रोजीं वीस राज्यांनीं आंतरराष्ट्रीय तार संघाच्या करारनाम्यावर सह्या केल्या. हाच संघ पुढें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ या नांवानें संयुक्त राष्ट्रांच्या कुटुंबांत आला. त्याचें मुख्य कार्यालय आज जिनीव्हा येथें आहे.

त्या करारनाम्यांतील दोन कलमें शेजारीं ठेवून पाहण्याजोगीं आहेत. आंतरराष्ट्रीय तारेनें निरोप धाडण्याचा हक्क सर्वांना आहे, असें एक कलम सांगतें. जी खासगी तार राज्याच्या सुरक्षिततेस धोकादायक, किंवा देशाचा कायदा, सार्वजनिक शांतता वा नीति यांस बाधक वाटेल, ती अडविण्याचा अधिकार राज्यांनीं आपल्याकडे राखला आहे, असें दुसरें सांगतें. पुढील दीडशें वर्षांतला सगळा तंटा या दोन कलमांच्या दरम्यान झाला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

इंग्लंड पॅरिसला नव्हतें, कारण तेथील तारा त्या वेळीं खासगी कंपन्यांच्या होत्या. मौज अशी कीं, हिंदुस्थान मात्र १८६९ च्या आरंभींच संघाचा सभासद झाला. खुद्द इंग्लंड झालें तें १८७१ सालीं. अर्थात् हा मान हिंदी जनतेचा नव्हता, तिच्यावर राज्य करणाऱ्या सरकारच्या तारखात्याचा होता. १८७० सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजानें मुंबई व एडन यांच्यामध्यें समुद्रांतून तार टाकली, आणि मुंबईचा कापसाचा व्यापारी व लंडनचा दलाल यांच्यामधील अंतर आठवड्यांवरून तासांवर आलें. संघाची कचेरी तेव्हां बर्न येथें होती. नियम तेथें नोंदले जात. समुद्रांतील तारा मात्र बहुतेक ब्रिटिश कंपन्यांच्या ताब्यांत होत्या. याचा अर्थ काय, तें ५ ऑगस्ट १९१४ रोजीं उघड झालें. युद्ध पुकारून एक दिवस होतो न होतो तोंच 'अलर्ट' नांवाच्या ब्रिटिश जहाजानें जर्मनीच्या समुद्रांतील तारा तोडल्या, आणि आपले निरोप परक्यांच्या तारांतून किंवा बिनतारी यंत्रानें, म्हणजे शत्रूच्या कानांवर पडतील अशा मार्गानें, धाडणें जर्मनीला भाग पडलें. संघाचा करारनामा तेव्हांहि कागदावर होताच.

इंटरनेटचा जन्म अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या पैशावर झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतील संगणकानें स्टॅन्फर्डच्या संशोधनसंस्थेंतील संगणकाला पहिला निरोप धाडण्याचा यत्न केला. शब्दाचीं पहिलीं दोनच अक्षरें पोंचलीं आणि यंत्र बंद पडलें. त्या जाळ्यानें आजची निरोपपद्धति स्वीकारली ती १ जानेवारी १९८३ पासून. या जाळ्यांतील प्रत्येक संगणकाला एक आंकडा असतो. माणसाला आंकडे लक्षांत राहत नाहींत, नांवें राहतात. म्हणून नांवावरून आंकडा काढून देणारी कांहीं तरी व्यवस्था लागते. प्रारंभीं सर्व नांवांची एकच वही असे. वही फुगूं लागली तेव्हां पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं अशी योजना आंखली कीं, सगळीं नांवें एके ठिकाणीं न ठेवतां तीं फांद्याफांद्यांवर वांटून द्यावीं.

यासाठीं टपालाच्या पत्त्याचें उदाहरण घेतां येईल. लंडनहून पुण्यास येणाऱ्या पत्रावर सदाशिव पेठेंतील घरक्रमांक लिहिलेला असला तरी तो वाचण्याची लंडनच्या टपालवाल्याला गरज नसते. 'इंडिया' एवढें वाचून तो पत्र वाटेला लावतो. इंटरनेटवरील नांवांतहि शेवटचें पद, मग तें 'कॉम' असो, 'ऑर्ग' असो कीं 'इन' असो, असें प्रथम वाचावयाचें पद होय. हीं शेवटचीं पदें कोणतीं, व त्यांपैकीं प्रत्येकाचा कारभार कोणाकडे, एवढेंच सांगणारी जी यादी, तिला 'रूट' म्हणजे मूळ म्हणतात. या यादींतून एखाद्या देशाचें पद कोणी खोडलें तर त्या देशांतील तारा तुटत नाहींत कीं संगणक बंद पडत नाहींत. पण त्या पदाखालचे पत्ते जगाला सांपडेनासे होतात.

ही यादी अनेक वर्षें एकाच गृहस्थानें संभाळली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेंत काम करणारे जॉन पोस्टेल हे लांब दाढी राखणारे, चपला घालून हिंडणारे संगणकशास्त्रज्ञ होते. पगार सरकारी कंत्राटांतून येई, पण त्यांचा शब्द चाले तो कंत्राटामुळें नव्हे, तर समव्यवसायी मंडळींचा त्यांच्यावर विश्वास होता म्हणून. देशांना दोन अक्षरी पदें वांटण्याची वेळ आली तेव्हां त्यांनीं मोठें शहाणपण केलें. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाहीं, या भानगडींत ते स्वतः पडले नाहींत. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची देशनामांची तयार यादी होती. तिच्यांत ज्याचें नांव त्याला पद, असा नियम त्यांनीं घालून दिला, आणि देश ठरविणें हें आपलें काम नव्हे असें १९९४ सालीं स्पष्ट लिहून ठेविलें. ज्या प्रश्नावर मुत्सद्द्यांच्या पिढ्या झिजल्या तो एका तंत्रज्ञानें असा एका ओळींत बाजूस सारला.

याच नियमानें 'इन' हें पद १९८९ सालीं भारताला मिळालें. त्याचा कारभार आला तो दिल्लीस नव्हे, तर मुंबईस, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छायेंत वाढलेली ही संस्था शिक्षणसंस्थांचे संगणक एकमेकांस जोडण्याच्या उद्योगांत तेव्हां गढलेली होती. सामान्य गिऱ्हाइकाला इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत. म्हणजे देशाचें नांव जगाच्या यादींत लागलें तेव्हां त्या नांवाखालीं राहावयास येणारें कोणीच जवळजवळ नव्हतें. २००५ सालीं हा कारभार जुहूहून निघून सरकारनें पुढाकार घेऊन स्थापिलेल्या 'निक्सी' या संस्थेकडे गेला.

विश्वासावर चाललेला कारभार पैसा दिसूं लागेपर्यंत टिकतो. 'कॉम'सारख्या पदांखालीं नांवें नोंदण्याचें काम १९९३ पासून नेटवर्क सोल्यूशन्स या अमेरिकन कंपनीकडे कंत्राटानें होतें. १९९५ सालीं नांवामागें वर्षाला ५० डॉलर घेण्याची परवानगी तिला मिळाली, आणि जें कारकुनी काम होतें त्याची एकाएकीं टांकसाळ झाली. पोस्टेल व त्यांचे सहकारी यांना ही मक्तेदारी मान्य नव्हती. नवीं सात पदें निर्माण करावीं व नोंदणी करणाऱ्या संस्थांचें मंडळ स्वित्झर्लंडमध्यें स्थापावें, अशी योजना त्यांनीं केली, आणि १ मे १९९७ रोजीं जिनीव्हा येथें, त्याच जुन्या दूरसंचार संघाच्या आश्रयानें, तिच्यावर सह्यांचा समारंभ झाला. अमेरिकन सरकारला हें रुचलें नाहीं. सभासद राष्ट्रांना न विचारतां संघाच्या सरचिटणिसांनीं असा समारंभ केलाच कसा, हा वॉशिंग्टनचा आक्षेप होता.

यानंतर जें घडलें तें इंटरनेटच्या इतिहासांतील सर्वांत नाट्यमय प्रकरण असावें, जरी त्या दिवशीं जगांतील एकाहि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागला नाहीं. मूळ यादीच्या अधिकृत प्रती तेरा सर्व्हरांवर असतात. त्यांतील मुख्य सर्व्हर नेटवर्क सोल्यूशन्सकडे होता आणि बाकीचे बारा त्याच्याकडून यादी उतरून घेत. २८ जानेवारी १९९८ रोजीं पोस्टेल यांनीं या बारांपैकीं आठांच्या चालकांना पत्र लिहून विनंती केली कीं, यापुढें यादी त्या कंपनीच्या यंत्रावरून न घेतां आपल्या यंत्रावरून घ्यावी. आठांहि जणांनीं मुकाट्यानें तसें केलें. यादी तीच होती, म्हणून कोणाचें कांहीं अडलें नाहीं. पण जगांतील बहुसंख्य सर्व्हर आतां अमेरिकन सरकारच्या कंत्राटदाराऐवजीं एका संगणकशास्त्रज्ञाचें ऐकत होते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर हे त्या वेळीं दावोसला होते. तेथें त्यांना ही वार्ता समजली, फोन खणखणले, आणि पोस्टेल यांनीं सर्व कांहीं पूर्ववत् केलें. आपण केवळ एक चाचणी घेतली, असें त्यांनीं सांगितलें. चाचणी म्हणा कीं बंड म्हणा, तिनें एवढें दाखविलें कीं मुळाला आधार होता तो कायद्याचा फार थोडा. आठ-दहा माणसें एकमेकांचा शब्द मानीत होतीं, त्यावर तें उभें होतें.

दोनच दिवसांनीं अमेरिकन सरकारनें आपला मसुदा प्रसिद्ध केला, आणि जूनमध्यें धोरण पक्कें झालें: हा कारभार खासगी, ना-नफा संस्थेकडे सोपवावयाचा. त्याप्रमाणें सप्टेंबर १९९८ अखेर कॅलिफोर्नियाच्या कायद्याखालीं 'आयकॅन' ही संस्था नोंदली गेली. १६ ऑक्टोबर रोजीं पोस्टेल हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर वारले. त्यांचें वय अवघें ५५ होतें. नव्या संस्थेची घडी त्यांच्याच नांवाच्या वजनावर बसावयाची होती. तें वजन गेलें, आणि राहिला तो व्यापारखात्याशीं झालेला करार. यादींत बदल सुचवील आयकॅन, पण त्यावर होकाराची खूण करील अमेरिकन व्यापारखातें, असा या कराराचा व्यावहारिक अर्थ होता.

ही व्यवस्था तात्पुरती म्हणून सांगितली गेली, आणि तात्पुरत्या गोष्टींचें होतें तेंच तिचेंहि झालें. ब्राझील, चीन, दक्षिण आफ्रिका, इराण इत्यादि राष्ट्रांचें म्हणणें साधें होतें: जें जगाचें आहे त्याच्या किल्ल्या एका सरकारच्या खिशांत कां? त्या किल्लीचा दुरुपयोग झाला असें दाखवून देणें कठीण होतें, हें खरें. पण घराच्या मालकानें भाडेकऱ्याला आजवर बाहेर काढलें नाहीं, एवढ्यावरून भाडेकऱ्याला स्वस्थ झोंप लागत नाहीं. शिवाय २००५ च्या ऑगस्टांत, प्रौढांच्या संकेतस्थळांसाठीं मागितलेलें 'एक्सएक्सएक्स' हें पद लांबणीवर टाकावें असें व्यापारखात्यानें आयकॅनला लिहिलें. पुढल्या वर्षीं तें पद फेटाळलें गेलें, आणि अखेर मंजूर झालें तें २०११ सालीं. इतर सरकारांचाहि त्या पदाला विरोध होता. परंतु ज्याचें पत्र फाइलींत वजनदार ठरे तें सरकार कोणतें, याविषयीं शंका उरली नाहीं.

संयुक्त राष्ट्रांच्या माहितीसमाज परिषदेंत, प्रथम डिसेंबर २००३ मध्यें जिनीव्हा येथें व नंतर नोव्हेंबर २००५ मध्यें ट्युनिस येथें, हा तंटा उघडपणें मांडला गेला. मधल्या काळांत कोफी अन्नान यांनीं चाळीस जणांची एक समिति नेमली आणि तिचें अध्यक्षपद मुंबई विद्यापीठाचे जुने विद्यार्थी नितीन देसाई यांस दिलें. देसाई मुरलेले मुत्सद्दी होते. एकमत होणें अशक्य आहे हें ओळखून समितीनें जुलै २००५ च्या अहवालांत एकाऐवजीं चार निरनिराळे आराखडे सादर केले. अहवाल निघण्यापूर्वींच, ३० जून रोजीं, अमेरिकेनें जाहीर केलें होतें कीं मुळावरील आपली जुनी भूमिका ती सोडणार नाहीं. सप्टेंबरांत युरोपीय संघानें अनपेक्षितपणें नवी आंतरराष्ट्रीय व्यवस्था मागितली, तेव्हां अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइस यांनीं ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांस कडक शब्दांत पत्र लिहिलें, आणि युरोपचा आवाज खालीं आला.

ट्युनिसला परिषद भरली त्या देशांत सरकारवर टीका करणारीं संकेतस्थळें बंद केलेलीं होतीं. परिषदेच्या थोडेच दिवस आधीं एका फ्रेंच वार्ताहरावर रस्त्यांत हल्ला झाला होता. उद्घाटनाच्या वेळीं स्वित्झर्लंडचे अध्यक्ष सॅम्युएल श्मिड यांनीं, संयुक्त राष्ट्रांचीं कांहीं सभासद राष्ट्रें इंटरनेटवर सरकारविरुद्ध लिहिलें म्हणून नागरिकांना तुरुंगांत टाकतात हें सह्य होण्याजोगें नाहीं, असें सांगितलें. आणि ट्युनिसियाच्या दूरचित्रवाणीनें त्यांचें भाषण मध्येंच तोडलें. आंतरराष्ट्रीय ताब्याला विरोध करणाऱ्यांना याहून चांगला वकील मिळाला नसता. कारण त्यांचा खरा प्रश्न हाच होता कीं, 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे सरकारांचें मंडळ, आणि सरकारांच्या मंडळांत बहुमत कोणाचें असेल? परंतु या युक्तिवादांतहि एक लबाडी होती. सरकारांना दूर ठेवा असें सांगणारा पक्ष स्वतः एक सरकारच होता, आणि तें दूर राहिलें नव्हतें.

ट्युनिसच्या तडजोडींत अमेरिकेची खूण कायम राहिली. कोणत्याहि देशानें दुसऱ्या देशाच्या दोन अक्षरी पदांत ढवळाढवळ करूं नये, हें मान्य झालें. आणि दरवर्षीं केवळ चर्चेसाठीं एक इंटरनेट सभा भरवावी असें ठरलें. या सभेची तिसरी बैठक डिसेंबर २००८ मध्यें हैदराबाद येथें भरली. मुंबईवरील हल्ल्याला तेव्हां आठवडाहि झाला नव्हता.

भारताची भूमिका या काळांत कशी होती? एका शब्दांत सांगावयाचें तर, डळमळीत. २६ ऑक्टोबर २०११ रोजीं भारतानें संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेंत सुचविलें कीं, पन्नास राष्ट्रांची एक समिति नेमून इंटरनेटविषयक धोरणें तिच्याकडे द्यावीं. देशांतूनच टीकेचा असा भडिमार झाला कीं, वर्षाच्या आंत सरकारचा सूर बदलला. डिसेंबर २०१२ मध्यें दुबई येथें दूरसंचार संघाची परिषद १९८८ सालचे नियम सुधारण्यासाठीं भरली. मध्यरात्रीच्या सुमारास अध्यक्षांनीं सभागृहाचा कल पाहण्यासाठीं म्हणून पाट्या वर करावयास सांगितल्या, आणि नंतर तें मतदान होतें कीं नव्हतें याचाच वाद माजला. अखेर ८९ राष्ट्रांनीं सह्या केल्या. ५५ राष्ट्रांनीं केल्या नाहींत. सही न करणाऱ्यांत अमेरिका व युरोपांतील बहुतेक देश होते, आणि भारतहि होता. एप्रिल २०१४ मध्यें साव पाउलो येथील परिषदेच्या निवेदनाला भारतानें संमति दिली नाहीं. आणि जून २०१५ मध्यें मंत्री रविशंकर प्रसाद यांनीं सरकारें, उद्योग, तंत्रज्ञ व नागरिक यांच्या एकत्र कारभाराला भारताचा पाठिंबा जाहीर केला. यांत केवळ धरसोड पाहणें अन्यायाचें होईल. जगांतील मोठ्यांत मोठ्या संगणक-सेवा उद्योगांपैकीं एक ज्याच्या पदरीं आहे, आणि वसाहतीच्या तारखात्याची आठवणहि ज्याच्या पोटांत आहे, अशा देशाला दोन्हीकडे ओढ असणें साहजिक होतें.

अमेरिकेचा हात सुटला तो परिषदांच्या ठरावांनीं नव्हे. जून २०१३ मध्यें एडवर्ड स्नोडेन यांनीं उजेडांत आणलेल्या कागदांवरून अमेरिकन हेरखात्याची पाळत केवढी विस्तृत आहे तें जगाला कळलें. ब्राझीलच्या अध्यक्षा दिल्मा रूसेफ यांचे स्वतःचे निरोपहि त्यांतून सुटले नव्हते; त्यांनीं सप्टेंबरांत आमसभेंत अमेरिकेला खडे बोल सुनावले. वास्तविक या पाळतीचा मूळ यादीशीं कांहीं संबंध नव्हता. यादी हातीं असल्यानें कोणाचें पत्र फोडतां येत नाहीं. पण विश्वास ही वस्तु खातेंवार मोजली जात नाहीं. ऑक्टोबरांत खुद्द आयकॅनच्या व इतर तांत्रिक संस्थांच्या प्रमुखांनीं माँटेव्हिडिओ येथून आपली वेगळी वाट सुचविली, आणि १४ मार्च २०१४ रोजीं व्यापारखात्यानें कळविलें कीं आपली खूण आपण सोडण्यास तयार आहों. त्यांत एक अट अशी होती: तिची जागा दुसऱ्या कोणत्याहि सरकारनें किंवा सरकारांच्या मंडळानें घेतां कामा नये.

अडीच वर्षें मसुदे झाले. अमेरिकेंतहि या सोडचिठ्ठीला कडवा विरोध होता; सेनेटर टेड क्रूझ यांनीं ती रोखण्यासाठीं जंगजंग पछाडलें, आणि ॲरिझोना, टेक्सस, ओक्लाहोमा व नेव्हाडा या चार राज्यांच्या महाधिवक्त्यांनीं शेवटच्या घटकेला टेक्ससमधील गॅल्व्हेस्टनच्या न्यायालयांत धांव घेतली. ३० सप्टेंबर २०१६ रोजीं न्यायाधीशांनीं मनाई नाकारली, मध्यरात्रीं कराराची मुदत संपली, आणि १ ऑक्टोबरला मूळ यादीवर कोणत्याहि सरकारची खूण उरली नाहीं. आयकॅन मात्र कॅलिफोर्नियाचीच संस्था राहिली. यादीच्या खरेपणाची ग्वाही देणाऱ्या गुप्त किल्ल्या ज्या दोन बंदिस्त जागीं ठेवलेल्या आहेत, त्यांतील एक व्हर्जिनियांत व दुसरी कॅलिफोर्नियांत आहे. तेथील विधीला निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधि हजर राहतात, पण जमीन अमेरिकेची आहे.

मुळाशीं इतकी झटापट चालली असतां शेंड्याकडे काय चाललें होतें, तेंहि पाहिलें पाहिजे. जानेवारी २०११ मध्यें इजिप्तच्या सरकारनें जवळजवळ सर्व देशाचें इंटरनेट पांच दिवस बंद ठेविलें. त्याला मूळ यादीला हात लावावा लागला नाहीं, देशांतल्या कंपन्यांना हुकूम पुरला. चीननें आपल्या सीमेवर जी चाळणी उभारली तिलाहि यादीची गरज नव्हती. रशियानें १ नोव्हेंबर २०१९ पासून अमलांत आणलेल्या कायद्यानें देशाचें जाळें जगापासून तोडूनहि चालेल अशी तजवीज मांडली. भारतांत ऑगस्ट २०१९ मध्यें जम्मू-काश्मीरचें इंटरनेट बंद झालें आणि वेगवान फिरती सेवा तेथें पूर्णपणें परतली ती फेब्रुवारी २०२१ मध्यें. मध्यंतरीं १० जानेवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, अशी बंदी बेमुदत असतां कामा नये, व बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत. हे हुकूम ज्या नियमांखालीं निघत ते नियम १८८५ सालच्या तारायंत्राच्या कायद्यावर आधारलेले होते. पॅरिसच्या करारनाम्यांतील दुसरें कलम असें चांगलें दीर्घायुषी निघालें. तेव्हां आंतरराष्ट्रीय ताब्यासाठीं झगडणाऱ्या राष्ट्रांपैकीं कित्येकांना जगाच्या यादींत वांटा हवा होता तो स्वातंत्र्यासाठीं कीं स्वतःच्या कुलपासाठीं, हा प्रश्न त्यांच्या घरच्या वागणुकीवरून विचारावाच लागतो.

एका बाबतींत मात्र यादी खरोखर जगाची झाली. प्रारंभीं तींत केवळ रोमन अक्षरांना जागा होती. २०१० पासून अरबी, रशियन व इतर लिपींतील पदें येऊं लागलीं, आणि २०१४ सालीं देवनागरींतील 'भारत' हें पद नोंदणीसाठीं खुलें झालें. देवनागरीच्या नियमांची समिति बसली तेव्हां हिंदीच्या मापांत मराठी बसेना, कारण 'दऱ्या' व 'कुऱ्हाड' यांतील तो विशिष्ट र हिंदींत नाहीं. त्याला नियमांत स्वतंत्र जागा करून द्यावी लागली. अशा कामाला कोणत्याहि वृत्तपत्रानें मथळा दिला नाहीं.

मोठी परीक्षा आली ती २०२२ सालीं. फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर चढाई केली, आणि महिना संपण्याच्या आंत युक्रेन सरकारनें आयकॅनला पत्र लिहून रशियाचीं पदें मूळ यादींतून काढून टाकण्याची मागणी केली. १९१४ सालीं जें 'अलर्ट' जहाजानें केलें तेंच आतां एका ओळीवर रेघ मारून करावें, असें ही मागणी म्हणत होती. आणि ज्याच्या शहरांवर बाँब पडत आहेत त्यानें ती करूं नये, असें कोण म्हणेल? आयकॅनचे प्रमुख योरान मार्बी यांनीं २ मार्च रोजीं नकार कळविला. एकतर्फी पदें खोडणें हें आपल्या अधिकारांत नाहीं, आपण निःपक्षपातीपणें काम करण्यास बांधलेले आहों, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. तोच निर्णय व्यापारखात्याची खूण कायम असती तर काय झाला असता, किंवा भारतानें सुचविलेली पन्नास राष्ट्रांची समिति बसली असती तर तींत मतें कशीं पडलीं असतीं, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

रशियाचें पद यादींत राहिलें, युक्रेनचेंहि राहिलें. आणि त्यांच्याच जोडीला, १९९० सालीं सोव्हिएट संघाला दिलेलें 'एसयू' हें पदहि त्या वर्षीं यादींत होतें. तो संघ १९९१ च्या डिसेंबरांत नाहींसा झाला. त्याच्या नांवाखालीं नवे पत्ते मात्र नंतरहि नोंदले जात राहिले.